लघवीची पिशवी जांभळी झाली तर

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं आणि त्याला लघवीची नळी घातलेली असली, की घरच्यांची नजर दिवसातून अनेकदा खाटेखालच्या पिशवीकडे जाते. किती भरली, रंग कसा आहे, कधी ओतायची. ही पिशवी एखाद्या सकाळी जांभळी दिसली तर घर हादरतं, आणि त्यात नवल नाही. लघवी पिवळी असते, पाणी कमी पडलं की गडद होते, रक्त मिसळलं तर लाल होते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण वांग्याच्या सालीसारखा रंग कुणी कधी पाहिलेला नसतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात अशा घाबरण्याची किंमत मोजावी लागते. नर्मदाकाठच्या भूषा, सावऱ्यादिगरसारख्या गावांच्या पाड्यांतून रुग्णाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे आधी झोळी, मग जीप किंवा बोट, मग धडगावचं ग्रामीण रुग्णालय, आणि तिथून पुढे धाडलं तर नंदुरबार. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की तीही वाट बंद. म्हणून रंग बदलल्यावर कधी निघायचं, कधी थांबायचं आणि थांबायचं तर घरी काय करायचं, हे आधीच समजून घेतलेलं बरं. माझं म्हणणं असं आहे: पिशवी जांभळी झाली म्हणून रात्रीचं डोंगर उतरू नका, निघायचं की नाही ते माणसाच्या स्थितीवरून ठरवा, मात्र नळीची आणि पोटाची काळजी कुठेतरी कमी पडते आहे हे ओळखून त्याच दिवशी कामाला लागा.

डॉक्टर या प्रकाराला ‘पर्पल युरिन बॅग सिंड्रोम’ म्हणतात. त्याची नोंद 1978 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बार्लो आणि डिक्सन यांनी केली. जन्मतः मणक्याचा दोष असलेल्या आणि लघवी पिशवीत काढून घ्यावी लागणाऱ्या मुलांच्या पिशव्या जांभळ्या होतात, असं त्यांना आढळलं होतं. त्याही पूर्वी, 1811 मध्ये, इंग्लंडचा आजारी राजा तिसरा जॉर्ज याच्या लघवीच्या भांड्यात निळसर कडं उमटल्याचं त्याच्या वैद्यांनी टिपून ठेवलं होतं. त्या दिवसांत राजाला बद्धकोष्ठही होतं, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. 1978 नंतर जपान, तैवान आणि भारतातूनही अशा रुग्णांच्या नोंदी येत गेल्या. बहुतेक नोंदींमधलं माणूस सारखंच आहे: वय झालेलं, बहुतेकदा बाई, अंथरुणावर पडून असलेलं, शौचाला साफ न होणारं, आणि महिनोन् महिने नळी घातलेलं. रंग येतो कसा, तेही आता बरंचसं उलगडलं आहे. डाळ, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो. आतड्यातले जंतू त्याचं इंडोल बनवतात. इंडोल रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं रूप बदलतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. हे तुमच्या-माझ्या शरीरातही रोज घडतं. त्याला रंग नसतो म्हणून ते दिसत नाही. पण लघवीच्या नळीत आणि पिशवीत क्लेब्सिएला, प्रॉव्हिडेन्सिया यांसारखे काही जंतू मुक्कामाला असले तर ते त्या रंगहीन पदार्थाची फोड करतात आणि त्यातून दोन रंग तयार होतात: एक निळा, एक लाल. निळा तोच, जो एके काळी नीळ नावाच्या रोपापासून काढून कापडाला देत. लाल रंग पिशवीच्या प्लास्टिकमध्ये मुरतो, निळा तिच्या आतल्या बाजूवर बसतो, आणि दोन्ही मिळून जांभळं दिसतं.

या सगळ्यातून घरच्यांना उपयोगी पडेल असं एक निरीक्षण निघतं. जांभळं झालेलं असतं ते बहुधा पिशवीचं आणि नळीचं प्लास्टिक. लघवी स्वतः पिवळी किंवा तपकिरी असू शकते. हे तपासायचं तर पिशवी दिवसाउजेडी बघा, तीसुद्धा खाटेच्या वर न उचलता. बॅटरीच्या किंवा सौर दिव्याच्या उजेडात रंग फसवतो. मग पिशवीच्या खालच्या तोटीतून थोडी लघवी पांढऱ्या कपात किंवा पारदर्शक ग्लासात काढून बघा. तो कप पुन्हा खाण्यापिण्याला वापरू नका. कपातली लघवी पिवळी आणि पिशवी मात्र जांभळी, असं असलं तर आपण वर सांगितलेल्या प्रकाराकडेच पाहतो आहोत असं समजायला हरकत नाही. कपातही रंग लाल असेल, तळाशी रक्ताच्या गुठळ्या किंवा दोरे दिसत असतील, तर गोष्ट वेगळी आहे आणि तिला वेगळी वागणूक हवी.

रंगांच्या बाबतीत आपल्याकडे होणाऱ्या गफलती इथेच निस्तरून घेतो, कारण धडगावात त्या नेहमीच्या आहेत. क्षयाचं औषध सुरू असलेल्या माणसाची लघवी नारिंगी-लालसर होते, ते रिफाम्पिसिनमुळे. ते रक्त नव्हे, आणि त्यापायी क्षयाच्या गोळ्या बंद करणं ही फार महागात पडणारी चूक आहे. जुलाब-मुरड्यासाठी मेट्रोनिडॅझोल दिलं असेल, किंवा लघवीच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन, तर लघवी तपकिरी दिसू शकते. काविळीत ती गडद पिवळी, काळपट होते आणि डोळेही पिवळे दिसतात. हिरवट रंग स्यूडोमोनास नावाच्या जंतूमुळे येऊ शकतो, काही औषधांमुळेही. सगळ्यांत जास्त जपायचं ते सिकलसेल असलेल्या घरांनी, आणि सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल कुटुंबांत ती बरीच आहेत. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडून लघवीतून रक्त जाऊ शकतं. फक्त वाहक असलेल्या, एरवी धडधाकट माणसालाही हे होऊ शकतं, आणि ते अनेकदा दुखल्याशिवाय होतं. त्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडून देऊ नका. आणखी एक बारकावा: सिकलसेलच्या रुग्णाचं मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून अंगातलं पाणी कमी झालं तरी त्याची लघवी फिकीच राहू शकते. रंग फिका आहे म्हणजे पाणी पुरेसं पोहोचलं, हा हिशेब त्याच्या बाबतीत चालत नाही. त्याला तहानेची वाट न पाहता ठरवून पाणी द्यावं लागतं. या सगळ्यात रंग आपल्याला विचारपूस करायला लावतो. काय करायचं ते मात्र रंगाखेरीज दुसऱ्या खुणांवरून ठरतं.

आता पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. रंग जंतूंमुळे येतो म्हणता, मग जंतू मारायचं औषध लगेच का द्यायचं नाही? मेडिकलमध्ये जाऊन पाच गोळ्यांची पट्टी आणली की काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. याचं उत्तर नळीच्या स्वभावात आहे. शरीराच्या आत बाहेरून घातलेली वस्तू असली की तिच्यावर जंतू बसतात, आपल्याभोवती चिकट थर बनवतात आणि त्या थरात औषधापासून बचावून राहतात. नळी घातल्यावर दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू नव्याने दिसू लागतात. महिनाभराने जवळपास प्रत्येकाच्याच लघवीत ते असतात. म्हणजे लांब मुदतीची नळी असलेल्या माणसाची लघवी तपासली तर जंतू सापडणारच; सापडले नाहीत तरच आश्चर्य. पण जंतू असणं आणि जंतूंनी माणूस आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप, थंडी, पोटात दुखणं, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखणं, गुंगी, अशी काही लक्षणं नसतील तर निव्वळ लघवीत जंतू आहेत म्हणून नळीवाल्या रुग्णाला प्रतिजैविकं देऊ नयेत, असं जगभरातल्या संसर्गतज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. दिली तर होतं काय? थरातले काही जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. पुढे खरोखर रक्तात संसर्ग पसरेल तेव्हा तेच औषध लागू पडत नाही, आणि मग नंदुरबार किंवा त्याहून लांब जाऊन सलाईनमधून महागडी इंजेक्शनं घ्यावी लागतात. गोळी आज दिली नाही म्हणजे ती खऱ्या गरजेच्या दिवसासाठी राखून ठेवली. ज्या रुग्णाला मधुमेह आहे, मूत्रपिंड कमजोर आहे, किंवा ज्याची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे, त्याच्या बाबतीत मात्र लक्षणं नसली तरी डॉक्टरांशी लवकर बोला. जांभळ्या पिशवीनंतर गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी विरळ असल्या तरी आहेत, आणि त्या बहुधा अशाच रुग्णांच्या आहेत.

यावर कुणी उलट विचारेल: बहुतेकदा निरुपद्रवी असतं, तर काहीच करायला नको ना? हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो, कारण त्यातून दुर्लक्ष सुरू होतं. पिशवी जांभळी व्हायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: आतड्यात मळ साचून राहणं, लघवीत जंतूंची गर्दी होणं, आणि नळी-पिशवी जुनी होणं. बहुतेकदा लघवी आम्लधर्मी न राहता अल्कधर्मी झालेली असते, ही चौथी. यातली प्रत्येक गोष्ट रंगाखेरीजही त्रास देते. लघवी अल्कधर्मी करणारे प्रोटियससारखे जंतू असले तर लघवीतले क्षार नळीच्या टोकाशी वाळूसारखे बसतात आणि नळी आतून बुजते. मग लघवी मूत्राशयात तुंबते, पोट फुगतं, नळीच्या बाजूने गळायला लागतं, आणि हे रात्री अडीच वाजता एखाद्या पाड्यावर झालं तर फार हाल होतात. जांभळा रंग दिसला म्हणजे अशा तुंबण्याला पोषक जमीन तयार आहे, असं समजून वागावं. पिशवी ओतताना तळाशी रवाळ, वाळूसारखं काही दिसतं का, तेही बघा आणि दिसलं तर नर्सताईंना आवर्जून सांगा.

मग करायचं काय? सुरुवात पोटापासून. आपल्याकडच्या ज्वारी-मक्याच्या भाकरीत, भाजीपाल्यात, उडीद-तुरीच्या डाळीत चोथा भरपूर असतो, पण तो धडधाकट माणसाच्या पोटात जातो. अंथरुणावरच्या आजीला भाकरी चावत नाही, म्हणून तिच्या वाट्याला पातळ पेज, चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट येतं. वर पाणीही कमी दिलं जातं. कुठे तिला त्रास होऊ नये म्हणून, कुठे पिशवी सारखी भरू नये म्हणून. आठवडाभर शौचाला होत नाही, झालं तर खडे पडतात. हा क्रम मोडायचा. भाकरी ताकात किंवा डाळीच्या पाण्यात कुस्करून द्या, शिजवलेली पालेभाजी घोटून द्या, पपईसारखं मऊ फळ मिळेल तेव्हा द्या. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात जाईल असं बघा. पेज, ताक, डाळीचं पाणी हेही त्यात धरा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. इसबगोल द्यायचं तर भरपूर पाण्यासोबत, नाहीतर ते आतच घट्ट होऊन बसतं. पाणी पीत नसलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला ते देऊच नका. मळ मऊ करणारं लॅक्टुलोजसारखं औषध किंवा गुदद्वारात ठेवायची गोळी लागेल का, ते उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडून मणका दुखावलेल्या, कमरेखाली जाणीव नसलेल्या रुग्णाचं आतडं आपणहून साफ होत नाही. त्याच्यासाठी एक दिवसाआड ठरलेल्या वेळी शौचाचा क्रम बसवावा लागतो, आणि तो रुग्णालयातून सुट्टी होतानाच शिकून घ्यावा.

दुसरं काम पिशवी बदलण्याचं. मेडिकलमध्ये युरोबॅग म्हणून मिळणारी दोन लिटरची पिशवी साधारणपणे आठवड्याने बदलावी. जांभळी झालेली तर आठवड्याची वाट न पाहता. ती धुऊन पुन्हा वापरायचा मोह होतो, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा खाली उतरणं अवघड असतं. पण आतल्या बाजूचा चिकट थर साध्या पाण्याने निघत नाही, आणि नळी-पिशवी वारंवार सोडवून जोडली की बाहेरचे जंतू थेट आत जातात. त्यापेक्षा मृगापूर्वीच दोन-तीन बंद पिशव्या घरात आणून कोरड्या जागी ठेवणं स्वस्त पडतं. पिशवी बदलण्याआधी साबणाने हात धुवा, नळीचं तोंड कशालाही टेकू देऊ नका, आणि नवी पिशवी जोडल्यावर ती नळीला पीळ न पडू देता मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता टांगा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पिशवी ठेवायची वेळ आली तर तिच्याखाली स्वच्छ टोपलं किंवा बादली ठेवा. पिशवी काठोकाठ भरेपर्यंत थांबू नका. दोन-तृतीयांश भरली की ओता. नळी मांडीला चिकटपट्टीने अडकवलेली असावी, म्हणजे कूस बदलताना आत ताण बसत नाही. हे सारं घरच्यांनी करायचं. शरीरातली नळी मात्र घरी कुणी बदलायची नाही. तिच्या आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो. तो न सोडता ओढली तर मूत्रमार्ग फाटून रक्तस्राव होतो. जांभळी पिशवी दिसली आणि माणूस बरा असला, तर पुढच्या दोन-चार दिवसांत सोयीने प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन नळीही बदलून घ्या. साध्या लॅटेक्स नळीची मुदत दोन ते चार आठवडे असते, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत. कुठली घातली आहे ते कागदावर लिहून घ्या आणि तारीखही. तपासणीसाठी लघवी द्यायची असेल तर ती नव्या नळीतून ताजी घेतलेली हवी. पिशवीतली लघवी तपासून आलेला अहवाल पिशवीतल्या जंतूंबद्दल सांगतो, मूत्राशयाबद्दल नाही, आणि त्यावरून नको ती औषधं सुरू होतात.

तिसरा आक्षेप डोंगरातल्या माणसाचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. शहरात ‘वाट बघा’ म्हणणं सोपं. इथे वाट बघता बघता प्रकृती बिघडली, रात्र झाली, पाऊस आला, मोबाइलला रेंज नाही, तर? मग रंग दिसल्याबरोबर निघणंच शहाणपणाचं नाही का? माझं उत्तर असं: अंतर लांब असेल तेवढी निघण्याची खूण अचूक हवी. जांभळ्या रंगासाठी दर वेळी झोळी उचलली तर आजी हेलपाट्यांनीच खचेल, घरच्यांची मजुरी बुडेल, आणि खरी वेळ येईल तेव्हा शेजारी ‘मागच्या वेळेसारखंच असेल’ म्हणतील. खऱ्या खुणा मोजक्या आहेत आणि त्या डॉक्टर नसलेल्या माणसाला ओळखता येतात. अंगात ताप, विशेषतः थंडी वाजून, हुडहुडी भरून आलेला. नेहमी ओळखणारं माणूस गुंगीत जाणं, असंबद्ध बोलणं, जेवण-पाणी टाकणं. म्हाताऱ्या माणसांत संसर्ग पसरला तरी ताप येईलच असं नाही, त्यामुळे या खुणेला तापाइतकंच वजन द्या. चार तासांत पिशवीत थेंबही न येणं आणि ओटीपोट टणक लागणं. अशा वेळी आधी नळीला पीळ पडला आहे का, ती पाठीखाली दबली आहे का, ते बघा, आणि तरीही लघवी येत नसेल तर निघा. नळीत पाणी किंवा हवा मारून ती मोकळी करायचा प्रयत्न नको. लाल लघवी आणि गुठळ्या. जांघेत, वृषणावर, योनीमार्गाभोवती सूज, काळेपणा किंवा घाण वास. आणि पाठीच्या वरच्या भागात मणका मोडलेल्या रुग्णाला अचानक जबर डोकेदुखी, चेहरा लाल, घामाच्या धारा. मूत्राशय किंवा आतडं तुंबलं की अशा रुग्णाचा रक्तदाब एकदम चढतो. त्याला उठवून बसवा, नळी तपासा आणि क्षणही न दवडता 108 ला फोन करा. यातली एकही खूण असली तर पिशवी कुठल्याही रंगाची असो, अगदी स्वच्छ पिवळी असो, त्याच वेळी निघायचं. यांपैकी काही नसेल तर दिवसातून तीनदा ताप बघा, पिशवीवरच्या आकड्यांवरून लघवी मोजून वहीत लिहा, आणि आशाताईंना बोलावून दाखवा. दोन दिवसांनी घाट बंद होईल अशी लक्षणं असतील तर आधी निघण्याचा निर्णय मी चुकीचा मानणार नाही. पण तो पावसाचा अंदाज घेऊन केलेला निर्णय असेल, रंग बघून उडालेली धांदल नव्हे.

निघालात, तर झोळीत पिशवीचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बांबूला बांधलेल्या कपड्यात माणूस मधोमध खोल बसतं. वाहणारे सोयीसाठी पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवतात, नाहीतर बांबूला टांगतात. दोन्ही वेळा ती मूत्राशयाच्या वर जाते आणि पिशवीतली जंतूंनी भरलेली लघवी उलटी आत वाहते. पुष्कळ पिशव्यांना उलटा प्रवाह अडवणारी झडप असते, पण जुन्या, चिकट झालेल्या पिशवीत तिच्यावर विसंबू नये. निघण्याआधी पिशवी पूर्ण रिकामी करा. नळी मांडीला दोन ठिकाणी चिकटवा. मग पिशवी झोळीच्या कापडाच्या बाहेरून, बसलेल्या जागेच्या खाली, दुसऱ्या फडक्याने बांधा, म्हणजे ती हिंदकळली तरी नळीला हिसका बसणार नाही. चढण आली की झोळीचा कल बदलतो. डोकं वरच्या बाजूला राहील असं बघा. थांबाल तिथे पिशवी किती भरली ते तपासा. जीपमध्ये ती सीटखाली लोंबू द्या, बोटीत तळाच्या पाण्याला टेकू देऊ नका. सोबत चालू औषधांच्या पट्ट्या, नळी बदलल्याची तारीख, लघवी मोजल्याची वही आणि सिकलसेल तपासणीचं कार्ड असलं तर तेही घ्या. क्षयाचं औषध चालू आहे हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

चौथी अडचण आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही, पण ती असते. असा रंग पाहिला की घरातली वडीलधारी मंडळी बडव्याला किंवा भगताला विचारावं म्हणतात. कुणाच्या श्रद्धेशी भांडण्याचं मला कारण दिसत नाही. गावात बडव्याचा शब्द चालतो, आणि पुष्कळदा रुग्णाला खाली न्यायचं की नाही हे त्याच्या शब्दावर ठरतं. म्हणूनच त्यालाही या खुणा सांगून ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. विधी करायचा तर करा, पण ताप, गुंगी किंवा तुंबलेली लघवी असताना विधीसाठी वेळ घालवू नका, आणि पोटात काही द्यायचं असेल तर आधी आरोग्य केंद्रात विचारा. कमजोर मूत्रपिंडाला कुठली मुळी बाधेल हे ओळखणं कठीण असतं. रंगाचं कारण आतड्यातले आणि नळीतले जंतू आहेत, कुणाची नजर नाही, हे आजीसमोर शांतपणे सांगा. आपल्या अंगातून जांभळं काही बाहेर पडतं आहे, या भीतीने माणसं जेवण-पाणी कमी करतात, आणि त्यानेच बद्धकोष्ठ वाढतं.

शेवटचा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे, आणि प्रत्येक वेळी नळी बदलताना विचारायचा आहे: ही नळी अजून लागते का? जंतूंची वस्ती, खडे, तुंबणं, जांभळी पिशवी, या सगळ्याचं मूळ नळी आहे, आणि ती नसेल तर यातलं फारसं काही उरत नाही. प्रोस्टेट वाढून लघवी अडलेल्या आजोबांना काही दिवस टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या देऊन नळी काढून पाहता येते. अनेकांना त्यानंतर आपणहून लघवी होते. ज्यांना होत नाही, त्यांना शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. तिच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आधार आणि रेशन कार्ड घेऊन नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा, आपल्या रुग्णाला कुठली शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात मिळेल ते ते सांगतील. मणका दुखावलेल्या, हात चालत असलेल्या तरुण रुग्णाने ठरलेल्या वेळी स्वच्छ नळी स्वतः घालून लघवी काढून लगेच नळी बाहेर काढायची पद्धत शिकून घ्यावी. कायमच्या नळीपेक्षा तिच्यात संसर्ग कमी होतो. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशयाला भोक पडलेल्या बाईला मात्र नळी काही आठवडे ठेवलेली असते ती भोक भरून यावं म्हणून. तिथे ती उपचाराचाच भाग आहे, पिशवी जांभळी झाली म्हणून तिला हात लावायचा नाही. आणि ज्यांची नळी काढून पाहायची ठरेल, त्यांनी त्याच दिवशी डोंगरावर परतू नये. नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही किंवा थेंब थेंब होऊन ओटीपोट भरून आलं, तर ती पुन्हा घालावी लागते. म्हणून ती रात्र धडगावातच, रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळच्या नातेवाइकांकडे काढावी, आणि सकाळी डॉक्टरांना दाखवूनच गावाची वाट धरावी.